लुम्पिया सादळते कुठे? इलोइलोच्या स्वयंपाकघरातून

प्रश्न थोडक्यात असा: मुलाचं लग्न फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या मुलीशी झालंय. दोघं मार्चमध्ये पहिल्यांदाच नाशिकला येणार आहेत. सुनेला आवडतं म्हणून लुम्पिया (खिमा भरलेल्या पातळ गुंडाळ्या), उकोय (कोळंबीचे वडे) आणि लेचोन कवाली (कातडीसकट तळलेलं डुकराचं मांस) करून बघितली. कढईतून काढताना सगळं झकास दिसतं, पण अर्ध्या तासात लुम्पिया लोळतात, उकोय मऊ पडतो आणि लेचोनची कातडी चपलेसारखी होते. कृती जशीच्या तशी पाळली. तळून झालं की टिश्यूवर ठेवून डब्याला झाकण लावते, गरम राहावं म्हणून. चुकतंय कुठे? आणि तळण्याखेरीज कुरकुरीत असं त्यांच्याकडे काही असतं का?

ताई, ‘गरम राहावं म्हणून’ इथपर्यंत वाचलं आणि हसू आलं. हाच पराक्रम मी २००५ साली सासरी केला होता. मी मूळची चिपळूणची. नवरा जहाजावर, गाव इलोइलो शहरातलं हारो. २ फेब्रुवारीला हारोत कँडेलेरिया मातेचा उत्सव असतो आणि त्या दिवशी येईल तो जेवून जातो, मग ओळख असो वा नसो. नव्या सुनेला सोपं काम दिलं होतं: तळलेली सहा किलो लेचोन कवाली टेबलावर नेऊन ठेवायची. मी ती मोठ्या ट्रेमध्ये रचली, वर फॉइल घट्ट दाबली आणि त्यावर टॉवेल घातला. आपल्याकडे पुरणपोळ्या झाकतात तशी. पाऊण तासाने सासूबाईंनी फॉइल उचलली तर आतून पाण्याचे थेंब टपकले. त्यांनी चमच्याची पाठ कातडीवर मारली. एरवी ‘टक’ असा आवाज येतो. त्या दिवशी काहीच आला नाही. ‘इंदाय, माकुनात,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि ट्रे परत आत गेला. इंदाय म्हणजे पोरी. रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्याचं व्हिनेगर घालून पाक्सिव झालं आणि सगळ्यांनी ते मिटक्या मारत खाल्लं. माझ्या घशाखाली मात्र उतरत नव्हतं.

माकुनात म्हणजे चिवट, चामट. कुरकुरीत वस्तू हवा लागून किंवा वाफ धरून अशी झाली की टागालोग या तिकडच्या मुख्य भाषेत ‘कुमुनात’ म्हणतात. आपलं ‘सादळणं’ अगदी तेच. गंमत म्हणजे पैसे न सोडणाऱ्या माणसालाही तिकडे माकुनातच म्हणतात, जसा आपल्याकडे तो चिकट असतो. उलट चांगल्या कुरकुरीतला शब्द ‘मालुतोंग’, आणि कुणी कचकचीत शिवी घातली तर तीही मालुतोंग. तुमच्या सुनेच्या सेबूकडे ‘कागुमकोम’ म्हणतात. शब्द नुसता उच्चारला तरी दाताखाली काहीतरी मोडल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याचं. कृती जशीच्या तशी पाळूनही बिघडतं, कारण कृतीत कढईतलं सगळं लिहिलेलं असतं. कढईच्या आधीचं वाळवणं आणि कढईनंतरचं उघडं ठेवणं एका ओळीत उरकलेलं असतं. तळणं म्हणजे पाणी बाहेर काढणं. तेलातले बुडबुडे म्हणजे पदार्थातून निघणारी वाफ. ती निघायच्या आधीच बाहेरचं लाल झालं, किंवा निघालेली वाफ झाकणाखाली अडकून परत पदार्थावर बसली, की संपलं. टिश्यूही शत्रूच समजा. वरचं तेल टिपतो खरा, पण खालची बाजू ओल्या कागदावर घाम धरते. ट्रेवर जाळी ठेवा, जाळीवर पदार्थ, खालून हवा खेळती. कोमट झालं तरी चालेल. फिलिपिनो घरात तळलेलं कोमट खाल्लेलं कुणाला खटकत नाही, मऊ पडलेलं खटकतं.

लेचोन कवाली आधी घेते, कारण ती कळली की निम्मं स्वयंपाकघर कळलं. कवाली म्हणजे कढई. कातडी आणि चरबीसकट डुकराच्या पोटाकडचं मांस, ज्याला तिकडे लिएम्पो म्हणतात, ते अखंड तुकड्यात आणायचं. एक किलोचा तुकडा पाण्यात मीठ, मिरी, ठेचलेला लसूण आणि लॉरेलची पानं घालून मंद आचेवर तास-सव्वा तास शिजवायचा. तमालपत्र वेगळं झाड आहे, पण चालून जातं. सुरीचं टोक कातडीत सहज शिरलं पाहिजे, पण तुकडा विस्कटता कामा नये. मग निथळून, पुसून, कातडीवर मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा. रात्रभर. उघडा म्हणजे उघडा, वर ताटलीसुद्धा नाही. फ्रिजमधली हवा कोरडी असते, ती कातडीतलं पाणी ओढून घेते. सकाळी हात लावून बघा. कातडी काचेसारखी पिवळट आणि कडक झालेली असेल, नखाने वाजवली तर वाजेल. अजून लवचीक असेल तर तळायची घाई करू नका, आणखी चार-सहा तास जाऊ द्या.

हे वाचताना तुम्हाला काही ओळखीचं वाटतंय का? साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया, सांडगे. शिजवा, वाळवा, तळा. कुरडईत गव्हाचा चीक शिजून वाळतो, इथे कातडीतलं कोलाजेन शिजून त्याचं जिलेटिन होतं आणि ते वाळतं. दोन्हीकडे आत किंचित ओल उरलेली असते. कडक तेलात तिची एकदम वाफ होते, ती मऊ पडणाऱ्या थराला फुगवते आणि तो फुगल्याफुगल्या सुकून तसाच राहतो. जास्त ओली राहिली तर फुगत नाही, नुसती उकळते. पार कोरडी ठणठणीत झाली तरी फुगत नाही, दगड होतो. ज्या बाईला उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुरडया हाताने चाचपून ‘झाल्या’ हे कळतं, तिला चिचरोन शिकवावं लागत नाही. चिचरोनही तसंच: डुकराची कातडी उकळायची, वाळवायची, मग तळायची. तुमच्या सुनेच्या बेटावरचं कारकार हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथलंच आम्पावसुद्धा. शिजलेला भात उन्हात खडखडीत वाळवायचा, तेलात फुलवायचा आणि पाकात धरायचा. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, हा तर चुरमुऱ्याच्या लाडवाचा चौकोनी भाऊ. उत्तरेकडे इलोकोसमध्ये चिकट जातीचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाळवतात आणि तळतात, तो कोर्निक. तिन्हीकडे युक्ती एकच.

परत लेचोनकडे. तळण दोनदा. पहिलं साधारण १६० अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं, कातडीची बाजू खाली. तेलाच्या बुडबुड्यांचा आवाज जाड असतो, तो हळूहळू बारीक होत जातो. बाहेर काढून अर्धा तास जाळीवर. मग तेल १९० पर्यंत तापवून तीन-चार मिनिटं. याच वेळी कातडीवर फोड उठतात, फटाफट, पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडल्यासारखे. इलोकोसचा बागनेत याच्याही पुढचा, पुन्हा पुन्हा मंद तळून चरबी उतरवलेला. त्याबरोबर टोमॅटो, बागोओंग म्हणजे खारवून आंबवलेल्या माशाची पातळ चटणी, आणि छोटे कांदे देतात. त्या छोट्या कांद्यांना इलोकानो लोक लासोना म्हणतात. आपला लसूण, संस्कृत लशुन, एवढा समुद्र ओलांडून गेला आणि तिकडे कांदा झाला!

बऱ्याच बायका फोड यावेत म्हणून गरम तेलात बोटांनी थंड पाणी शिंपडतात. फोड येतात हे खरं. माझ्या डाव्या मनगटावरही आलेत, अजून डाग आहे. तुम्ही करू नका. कातडी नीट वाळली असेल तर गरजच पडत नाही, आणि नसेल वाळली तर पाण्याने भागत नाही. तळताना कढईवर झाकण ठेवायचा मोहही टाळा, झाकणाखाली साचलेलं पाणी तेलातच पडतं आणि उडतं. तारेची जाळी मिळते ती वापरा. कापताना कातडी खाली आणि मांस वर ठेवून जड सुरीने एका घावात कापा. कातडी वर ठेवून कापलीत तर ती सुटून हातात येते.

लुम्पियाची गोष्ट वेगळी. तिथे वाळवायचं काही नाही, पाणी मुळात आत जाऊच द्यायचं नाही. तुमच्या लुम्पिया मऊ पडतात त्याचं कारण मला वाटतं तीनांपैकी एक असणार. पहिलं, पट्टी. सामोशाची पट्टी नको, ती जाड असते. फ्रोझन कपाटात मिळणारी पातळ स्प्रिंग रोल शीट घ्या, जिच्यातून हात दिसतो अशी. तिला तिकडे बालात म्हणतात, आणि बालात म्हणजे कातडीसुद्धा. दुसरं, सारण. लुम्पियांग शांघायचं सारण कच्चंच भरतात: अर्धा किलो खिमा, एक कांदा, एक गाजर, मूठभर सिंगकामास म्हणजे मिश्रीकंद, एक अंडं, मीठ, मिरी. कांदा आणि गाजर अगदी बारीक चिरून फडक्यात घट्ट पिळा. अर्धी वाटी पाणी निघतं, आणि ते न काढल्यास तेवढं सगळं आतून पट्टीवर येतं. मिश्रीकंद मात्र पिळू नका. आतला तो पांढरा कुरकुरीत दाणा हीच शांघायची खूण आहे: बाहेर एक कुरकुर, मग रसदार खिमा, आणि मधेच दुसरी, थंड कुरकुर. नाशिकला नाही मिळाला तर कच्चा सोललेला शिंगाडा घाला. जात वेगळी, पण दाताला काम तेच.

तिसरं, जाडी. आपण सढळ हाताने भरतो. माझ्या पहिल्या लुम्पिया बघून नणंदेने विचारलं होतं, ‘या लुम्पिया आहेत की उशा?’ करंगळीएवढी जाड, त्याहून जास्त नाही. जाड केली की आतलं शिजेपर्यंत बाहेरचं जळतं, किंवा बाहेरचं वेळेत काढलं तर आतून पाणी सुटतं. घट्ट गुंडाळा, हवा राहू देऊ नका, कड अंड्याच्या पांढऱ्याने चिकटवा. लांब गुंडाळून तीन तुकडे केले तरी चालतात, कापलेल्या टोकांना खिमा मस्त खरपूस होतो. आदल्या दिवशी करून फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर त्या गोठलेल्या असतानाच तेलात सोडा. बाहेर काढून ठेवल्या की पट्टीला घाम सुटतो आणि ती फाटते. एका वेळी आठ-दहाच, तेल १७० च्या आसपास. थर्मामीटर नसेल तर लाकडी काडी तेलात धरा. तिच्याभोवती बारीक बुडबुडे सतत येत असतील तर तेल झालं. काढल्यावर आडव्या ढीग करून न ठेवता चाळणीत उभ्या ठेवा, मेणबत्त्यांसारख्या. टोकातून शिरलेलं तेल खाली उतरतं.

लुम्पियाबरोबर केळ्याचं केचप लागतं. लाल रंगाचं, गोडसर, टोमॅटो नसलेलं. ते मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंच्या नावावर आहे. त्या १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत मारल्या गेल्या. हाताशी केळी आहेत तर टोमॅटो परदेशातून का आणायचे, इतका साधा विचार. तुमच्या सुनेला म्हणावं येताना एक बाटली आण, खूश होईल.

उकोय म्हणजे कोळंबीचा जाळीदार चपटा वडा. तुमचा मऊ पडतो कारण तुम्ही तो भज्यासारखा बांधता, असा माझा अंदाज. पीठ भाजीला धरून ठेवण्यापुरतं हवं, झाकण्यापुरतं नको. मोदकाची पिठी आणि कॉर्नफ्लोअर निम्मं निम्मं, मैदा असलाच तर दोन चमचे. तांदळात ग्लूटेन नाही, म्हणून तो चिवट होत नाही. पाणी बर्फाचं, कारण मैद्यातलं थोडं ग्लूटेनही थंडाव्यात आळसावतं. रंगाला शेंदरीच्या बिया कोमट पाण्यात चोळून ते पाणी घालतात. मिळाल्या नाहीत तर चिमूटभर हळद घाला. रंग वेगळा येईल, पण कोण भांडतंय. रताळ्याच्या काड्या आणि मोड आलेले मूग फडक्यावर पसरून कोरडे करा आणि त्यांना आधी मीठ लावू नका. मुगाचे मोड आपल्यासारखे टोकभर नकोत. अंधारात चार-पाच दिवस वाढवून दोन बोटं लांब करा. कोळंबी अगदी लहान, सालीसकट, मिशा तेवढ्या कापलेली. साल काढली तर अर्धी गंमत गेली, तळलेली पातळ साल हाच कुरकुरीत भाग. केळीच्या पानावर किंवा पातळ बशीवर मिश्रण विरळ पसरायचं, इतकं विरळ की मधून बशी दिसावी, वर दोन कोळंब्या, आणि बशी तेलाजवळ नेऊन अलगद घसरवायचं. झाऱ्याने तेल वर उडवत राहा. भोकं राहिली तर वाईट वाटून घेऊ नका, भोकांतूनच वाफ निघते.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. फिलिपिनो घरात कुरकुरीत पदार्थ एकटा क्वचितच येतो. तो काहीतरी लिबलिबीत, रसदार, नाहीतर आंबट गोष्टीचा जोडीदार असतो आणि शेवटच्या क्षणी येतो. शुक्रवारी बहुतेक घरांत मोंगो शिजतात, म्हणजे मूगच. शब्दही ओळखीचा आहे. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस टाळायचे म्हणून ही रीत. आणि त्याच मुगाच्या घट्ट आमटीवर वाढताना चुरलेलं चिचरोन पेरतात. उपासाला मूग, मुगावर डुक्कर! सासूबाईंना मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘ते मांस नाही, ती सजावट आहे.’ इलोइलोच्या ला पाझ भागातलं बाचोय हे शेवयांचं सूप, पान्सित पालाबोक हा कोळंबीच्या रश्शातला शेवयांचा प्रकार, दोन्हींवर चिचरोनचा चुरा आणि तळलेला लसूण. मिसळीवर फरसाण घालतो तसं समजा. मिसळ खाणाऱ्याला माहीत असतं की फरसाण रश्श्यात बुडून गेल्यावर घास वेगळा होतो. म्हणून चुरा वाटीत वेगळा ठेवा आणि ज्याचा त्याने घ्यावा.

तळलेल्या लसणावर दोन शब्द, कारण तो सगळ्यात स्वस्त कुरकुरीतपणा आहे आणि सगळे तो जाळतात. लसूण हाताने बारीक चिरा, यंत्रात नको, यंत्रात चिरला की रस सुटून गोळा होतो. चिरलेला लसूण थंड तेलात घाला आणि मग गॅस लावा, मंद. फोडणीची सवय विसरा, तापलेल्या तेलात टाकायचा नाही. सात-आठ मिनिटं ढवळत राहा. रंग फिका सोनेरी, वाळलेल्या गवतासारखा झाला की लगेच गाळणीत ओता. तुम्हाला वाटेल अजून झाला नाही. गाळणीतच तो दोन छटा पुढे जातो. कढईत बदामी दिसेपर्यंत थांबलात तर ताटलीत कडू निघेल. तेल फेकू नका, शिळा भात त्यात परतला की सिनांगाग झाला, तिकडचा सकाळचा लसणीभात.

त्या भाताबरोबर सुकी मासळी. तुमची सून सेबूची, म्हणजे दांगित तिचा जीव की प्राण असणार: मधून उघडून वाळवलेला लहानसा मासा, बांतायान बेटावरचा नावाजलेला. तळायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. मध्यम गरम तेलात सोडायचा, कडा वळायला लागल्या की काढायचा. कोकणातल्या बायकांना सांगायला नको. शेजाऱ्यांचा अंदाज घेऊन खिडक्या उघडा, एवढंच. हेरिंगसारखा सुकवलेला मासा तुयो, तो चक्क चाम्पोराडोबरोबर खातात, म्हणजे कोकोत शिजवलेल्या तांदळाच्या गोड खिरीबरोबर. मला हे पटायला दोन वर्षं लागली. आता पावसाळ्यात मीच करते.

घरात डुक्कर शिजवायला कुणाची ना असेल तर अडत नाही. कोंबडीची कातडी मीठ-मिरी लावून मंद आचेवर तिच्याच चरबीत तळा, उत्तम चिचरोन होतं. टोक्वा म्हणजे घट्ट टोफू: वजनाखाली तासभर दाबून पाणी काढा, अख्खी वडी तळा, कवच आल्यावर मगच चौकोन कापा, आणि सोया सॉस-व्हिनेगर-कांदा-मिरचीचं पाणी ताटात पडल्यावरच ओता. कांगकोंग म्हणजे आपली नाळीची भाजी. तिची सुटी पानं पुसून, आधी कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून, मग ताकाइतक्या पातळ थंड पिठात बुडवून तळतात. मायाळूच्या पानांचीही तितकीच छान होतात, मी चिपळूणला आले की करते.

तळण्याखेरीज विचारलंत. भरपूर आहे. कच्चा आंबा, बोटभर फोडी, सोबत बागोओंग आलामांग. आलामांग म्हणजे आपला जवळाच, खारवून आंबवलेला. समोरच्या गिमारास बेटाचे आंबे पिकल्यावर जगाला आवडतात, पण इलोइलोतल्या बायका ते पिकू देतील तर ना. आत्सारा: कच्च्या पपईचा कीस मीठ लावून पिळायचा, मग गोडसर व्हिनेगरच्या थंड पाकात. पाक गरम ओतला की पपई मऊ पडते. सेबूत लेचोनचा तुकडा आणि आत्साराचा चिमटा एकाच घासात जातात. आणि तुतोंग, भाताच्या पातेल्याच्या बुडाची खरवड. माझ्या सासऱ्यांसाठी ती राखून ठेवलेली असायची, बाकी कुणी हात लावायचा नाही.

गोडात तुरोन करा, नाशिकलाही सहज होईल. साबा हे तिथलं तळायचं केळं. त्याऐवजी राजेळी घ्या, पिवळी पण घट्ट. लांब दोन काप, त्यात पिकल्या फणसाच्या गऱ्याची एक पट्टी, गुळासारखी लालसर साखर भुरभुरवून लुम्पियाच्या पट्टीत गुंडाळायचं. फणस मार्चमध्ये मिळेलच असं नाही, न घालता करा. मध्यम तेलात तळायला सोडल्यावर वरून दोन-तीन चमचे साखर थेट तेलात टाका. ती विरघळून तरंगते आणि तुरोनला चिकटते, उलटसुलट करत राहिलात की काचेसारखं कवच बसतं. पण साखर हवेतली ओल ओढते. नाशिकची मार्चची हवा कोरडी, तुम्हाला दोन तास मिळतील. इलोइलोत मला अर्धाच तास मिळतो. तुरोन एकमेकांना चिकटू न देता केळीच्या पानावर सुटे ठेवा.

पिनिपिग माहीत असावं. कोवळ्या चिकट तांदळाचे कुटून चपटे केलेले दाणे, पोह्यांचे नातलग. कोरडे भाजून हालो-हालो या बर्फाच्या गोड पदार्थावर घालतात. आपले पातळ पोहे मंद भाजून चालवून घ्या, वर्षानुवर्षं परदेशात राहणारे फिलिपिनो याहून वाईट तडजोडी करतात. लातिक आणखी सोपं: नारळाचं दाट दूध आटवत राहायचं. तेल सुटतं आणि खाली तपकिरी, खमंग कण उरतात. ते मऊ तांदळाच्या मिठायांवर पेरायचे. सुनेला मात्र विचारून घ्या, विसायासकडे, म्हणजे सेबू-इलोइलोच्या मधल्या बेटांकडे, लातिक म्हटलं की पुष्कळांना नारळाचा घट्ट पाक आठवतो. कणांना तिच्या घरी काय म्हणतात कोण जाणे.

ती येईल त्या दिवशी सगळेच पदार्थ तळू नका. एकच तळण करा आणि ते सगळे बसल्यावर करा. लेचोन असेल तर पहिलं तळण सकाळी उरका, दुसरं चार मिनिटांचं पाहुणे हात धूत असताना. भात, मोंगो आणि आत्सारा आधीच तयार. उरलेलं मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको. ओव्हन किंवा एअर फ्रायर २०० अंशांवर पाच-सात मिनिटं. तेही नको वाटलं तर व्हिनेगर, लसूण, मिरी घालून पाक्सिव करा, ते दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

एक काम मात्र आजच करा. तळणाशेजारी सुका म्हणजे व्हिनेगर लागतंच, आणि आमच्याकडचं सिनामाक मुरायला वेळ घेतं. माडाच्या ताडीचं व्हिनेगर हवं. गोव्याचं मिळतं ते जवळजवळ तसंच, कारण गोव्याचंही ताडीचंच, आणि ताडीला फिलिपिन्समध्ये तुबा म्हणतात. साधं पांढरं रासायनिक व्हिनेगर नको, नुसतंच झोंबतं. पाऊण लिटरच्या बाटलीत लसणाचा एक अख्खा गड्डा सोलून, अंगठ्याएवढ्या कोळंजनाच्या चकत्या, वीस लवंगी मिरच्या देठं काढून, चमचाभर अख्खी मिरी. मिरच्या धुतल्यावर पूर्ण कोरड्या करा, बाटलीही. वरून व्हिनेगर काठापर्यंत भरा, झाकण लावा आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा. दोन आठवड्यांत तयार होतं, महिन्याने आणखी चांगलं. अर्धी झाली की पुन्हा व्हिनेगर ओतायचं, तेच मसाले दोन-तीन फेऱ्या पुरतात.